'ड्रंकन मास्टर' : १९७८ चा की १९९४ चा? एकच दाखवायचा असेल तर

विश्रामबागचा वाचक :

सांगलीत विश्रामबाग परिसरात आम्ही काही मंडळी महिन्यातल्या एका रविवारी एखादा जुना चित्रपट एकत्र बसून पाहतो आणि नंतर त्यावर बोलतो. पुढच्या महिन्यात हाँगकाँगचा विनोदी कुंग फूपट घ्यायचा, इथवर एकमत झाले आहे. घोडे अडले आहे ते कोणता घ्यायचा यावर. एका गटाला युएन वू-पिंग यांनी दिग्दर्शित केलेला १९७८ चा 'ड्रंकन मास्टर' हवा आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, लाउ कार-लेउंग यांचा १९९४ चा 'ड्रंकन मास्टर २' सर्वच बाबतींत सरस आहे आणि जुना चित्रपट आता केवळ जुना म्हणूनच पाहिला जातो. दोन्हींत जॅकी चॅन वाँग फेई-हुंगच्याच भूमिकेत आहे, झिंगलेल्या माणसाच्या झोकांड्यांवर बेतलेली लढण्याची पद्धत दोन्हींत आहे आणि दोन्हींचा शेवट एका प्रदीर्घ मारामारीने होतो. तरीही लागोपाठ पाहिल्यावर मला ते एका घरातले वाटले नाहीत.

माझ्या शंका दोन आहेत. पहिला न पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरा समजायला अडचण येते का? आणि मारामारीच्या करामती क्षणभर बाजूला ठेवल्या, तर चित्रपट म्हणून कोणता अधिक भरीव आहे? आमच्याकडे शाळकरी मुले येतात, तसेच कवठेपिरानकडच्या तालमीतले काही पैलवानही अधूनमधून येतात, हे लक्षात घेऊन सांगावे. 'दोन्ही आपापल्या जागी उत्तम' असे उत्तर कृपया देऊ नये. ते आम्ही एकमेकांना देऊन झाले आहे.

कृष्णाकाठ :

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. अडचण अजिबात येत नाही, कारण १९९४ चा चित्रपट नावापुरताच दुसरा भाग आहे. कथा पुढे सरकत नाही. वाँग पुन्हा बापाच्या धाकातला उनाड मुलगाच आहे, बापाच्या भूमिकेत वेगळा नट आहे, आणि पहिल्या चित्रपटाचा जीव असलेला भिकारी सो, म्हणजे वाँगचा दारुडा म्हातारा गुरू, याचा तर पत्ताच नाही.

दुसऱ्या शंकेवर माझे मत निःसंदिग्धपणे १९७८ च्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण समजण्यासाठी वाँग फेई-हुंग कोण हे ठाऊक असले पाहिजे. हा खराखुरा माणूस होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फोशान इथे जन्मलेला, हुंग गार या कुंग फू पद्धतीचा नामांकित शिक्षक आणि पो ची लाम हा दवाखाना चालवणारा वैद्य अशी त्याची ख्याती होती. १९४९ पासून हाँगकाँगमध्ये त्याच्यावर कृष्णधवल चित्रपटांची मोठी मालिका निघाली आणि तीत क्वान टाक-हिंग यांनी तो इतक्या वेळा रंगवला, की वाँग म्हणजे गंभीर, नीतिमान आणि शक्यतो हात न उचलणारा वडीलधारा पुरुष, असे प्रेक्षकांच्या मनात पक्के बसून गेले. १९७८ च्या चित्रपटाने त्याच माणसाला गावभर खोड्या काढणारे, फुकट जेवून पळ काढू पाहणारे, नात्यातल्या एका बाईकडून चोप खाणारे कार्टे करून समोर उभे केले. हा मोठेपणा त्याला जन्मजात मिळालेला नव्हता, तो कोणीतरी त्याच्याकडून रट्टे देऊन करून घेतला, असे चित्रपट सुचवतो. सगळा विनोद याच सूचनेतून निघतो.

म्हणून हा शिकण्याविषयीचा चित्रपट आहे. पाण्याच्या प्रसंगाकडे नीट पाहावे. वाँगला घोट्यांशी बांधून उलटे टांगले आहे, डोक्याखाली भरलेल्या बादल्या आहेत, पायांजवळ रिकामी बादली आहे आणि हातांत चहाच्या इवल्याशा वाट्या आहेत. पोटाच्या बळावर वर उठायचे, वाटीभर पाणी ओतायचे, पुन्हा खाली यायचे. श्रम चेहऱ्यावर दिसतात, पोटाच्या स्नायूंवर तर जास्तच दिसतात, आणि म्हातारा गुरू मात्र निवांत. हसू येते ते त्या बादलीच्या आणि वाटीच्या प्रमाणामुळे.

पुढे हा पट्ठ्या गुरूच्या दारूत पाणी मिसळतो आणि नेमक्या त्याच वेळी लढायची पाळी आल्याने गुरूला मार खावा लागतो. खरे शिक्षण सुरू होते ते त्यानंतर. आठ मद्यधुंद सिद्धपुरुषांच्या आठ पद्धतींपैकी शेवटची, हो या स्त्रीची, वाँग बायकी म्हणून टाळतो. शेवटच्या लढतीत सात पद्धती संपतात, प्रतिस्पर्धी त्या सातही ओळखून बसलेला असतो, गुरू बाजूने आठवी वापरायला सांगतो, आणि वाँगला ती येतच नाही. मग तो ती जागच्या जागी रचतो. आळशी विद्यार्थ्याचा आळस चित्रपटभर पेरून ठेवायचा आणि शेवटी त्यातूनच त्याचे पहिले स्वतंत्र काम उगवून दाखवायचे, ही पटकथेतली करामत मला १९९४ च्या सगळ्या कोलांट्यांपेक्षा मोठी वाटते.

मिरजकर :

कृष्णाकाठ यांनी शेवटच्या लढतीबद्दल जे लिहिले ते सोळा आणे मान्य आहे. पण त्या लढतीपर्यंत पोहोचताना मध्ये जे पाहावे लागते त्याविषयी त्यांनी मौन बाळगले आहे. पहिला चित्रपट प्रसंगांची माळ आहे. बाजारातली मारामारी, खानावळीतली मारामारी, बापाच्या तालमीतल्या शिक्षकाची फजिती, जुगार. यांतले काही प्रसंग मागेपुढे केले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. डीन शेक या विनोदी नटाचे डोळे वटारणे त्या काळी चालून गेले असेल, आज आपल्या सभागृहात त्या वेळी लोक खुर्च्यांत चुळबुळ करतील. खलनायक बापाला मारायला येतो ते जमिनीच्या भांडणातून, आणि तेही एखाद्या संवादात उरकले जाते.

१९९४ मध्ये एकातून एक गोष्ट निघते. कर चुकवण्यासाठी वाँग जिनसेंगची पेटी इंग्रजांच्या सामानात लपवतो, परत घेताना पेट्यांची अदलाबदल होते, औषधाऐवजी राजमुद्रा हाती येते, आणि ब्रिटिश वकिलातीच्या आश्रयाने चीनमधल्या पुराणवस्तू बाहेर चालल्या आहेत हे हळूहळू उघड होते. लबाडी एवढीशी, तिचे परिणाम मात्र बापाच्या जमिनीपर्यंत आणि पोलादाच्या कारखान्यातल्या मजुरांपर्यंत पोहोचतात. इथे वाँगला लढण्यासाठी स्वतःच्या अब्रूपलीकडचे कारण आहे.

शिवाय परंपरेचा विचार करावा. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे खुद्द वाँग फेई-हुंगचे शिष्य. म्हणजे पडद्यावर ज्याची कथा चालली आहे, त्याच्याच गुरुपरंपरेतला माणूस ती सांगतो आहे. ते स्वतः फू या जुन्या मांचू अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत. आगगाडीच्या डब्याखाली, जिथे ताठ बसताही येत नाही अशा जागेत, त्यांची आणि चॅनची शस्त्रांनी झालेली चकमक पाहिली की, जागेची अडचण हीच लढतीची रचना कशी होते ते कळते. चहागृहात कुऱ्हाडी घेतलेल्या टोळीशी हे दोघेच झुंजतात तेव्हा वाँगच्या हातात चिरफळ्या झालेला लांब बांबू असतो, आणि त्या बांबूने तो एकेकाला जिन्यावरून रेटतो, अडवतो, फटकारतो. पद्धतशीर, आणि तरीही भयंकर.

शेवटच्या कारखान्यातल्या लढतीबद्दल वेगळे लिहायला हवे. लाउ आणि चॅन यांचे मारामारीच्या शैलीवरून पटेना, लाउ चित्रीकरण सोडून गेले आणि शेवट चॅनने स्वतः दिग्दर्शित केला. समोरचा केन लो हा प्रत्यक्षात चॅनचा अंगरक्षक. काही मिनिटांच्या त्या लढतीला सुमारे चार महिने लागले, आणि निखाऱ्यांवर पडून मागे सरपटत जाण्याचा प्रकार चॅनने स्वतः केला. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला मारामारीच्या रचनेचा पुरस्कार मिळाला आणि 'टाइम' नियतकालिकाने २००५ मध्ये निवडलेल्या सार्वकालिक शंभर चित्रपटांतही तो आहे, १९७८ चा नाही. पुरस्कारांवर निकाल लावू नये हे खरे. पण 'दुसरा भाग म्हणजे पहिल्याची नक्कल' या सवयीच्या समजाला तेवढा तरी धक्का बसावा.

कृष्णाकाठ :

गुरुपरंपरेचा मुद्दा मोहक आहे, मात्र तो एकट्या १९९४ च्या खात्यावर जमा करता येणार नाही. मी उल्लेखलेल्या क्वान टाक-हिंग यांच्या जुन्या मालिकेत लाउ चाम यांनी लाम साय-विंगची, म्हणजे आपल्याच गुरूची, भूमिका केली होती. त्याच मालिकेत मारामाऱ्या बसवणारे एक गृहस्थ होते युएन सिउ-तिएन. पहिल्या चित्रपटातला भिकारी सो तो हाच, आणि दिग्दर्शक युएन वू-पिंग हा त्यांचा मुलगा. दोन्ही चित्रपट अशा रीतीने एकाच जुन्या वाड्यातून निघालेल्या दोन मुलांचे आहेत.

फरक आहे तो तालाचा. युएन कुटुंब आणि चॅन दोघेही पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाटकाच्या, शिस्तीत वाढलेले. म्हणून १९७८ च्या मारामारीत फटका, फटका, फटका आणि मग एक ठसठशीत थांबा, अशी लय ऐकू येते. त्या थांब्यावर नट एखाद्या मुद्रेत क्षणभर गोठतो आणि प्रेक्षक दाद देतो. १९९४ मध्ये हा थांबा जवळजवळ गेला आहे. वेग वाढला, माणसे वाढली, फर्निचर वाढले. नाटकाच्या गावात बसून पाहणाऱ्याला पहिल्याचा थांबा अधिक भावेल असा माझा कयास आहे. आणि युएन सिउ-तिएन १९७९ च्या आरंभीच वारले. त्यांच्याशिवाय सो उभा करायचा नाही असे १९९४ च्या मंडळींनी ठरवले असो वा नसो, ती पोकळी मला दुसऱ्या चित्रपटात शेवटपर्यंत जाणवत राहते.

तालमीतला :

चित्रपटातले मला फार कळत नाही, पण अंग कसे चालते ते थोडेफार कळते, म्हणून लिहितो. पैलवान येणार असतील तर पहिल्या चित्रपटातल्या मेहनतीच्या प्रसंगांवर त्यांची मान डोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. उलटे टांगून वाटीने पाणी भरल्याने कोणी तयार होत नसतो. जोर, बैठका आणि रोजची लढत यांना पर्याय नाही, आणि पहिल्या चित्रपटात रोजची लढत कुठेच दिसत नाही. म्हाताऱ्या गुरूच्या कोलांट्या बदली माणसाच्या आहेत, हेही जाणत्या डोळ्याला लगेच कळते.

पहिल्यात मला आवडला तो खलनायक. ह्वांग जांग-ली हा कोरियाचा, तायक्वांदोत मुरलेला. लाथ मारताना त्याचा उभा पाय बघावा. जमिनीत रोवल्यासारखा असतो, टाच हलत नाही. त्याच्या एका लाथेने चॅनच्या भुवईपाशी खरीखुरी दुखापत झाली होती. कॅमेरा लांब ठेवल्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत दोघेही दिसतात, आणि झोकांडी जाणाऱ्या माणसाचे वजन खरे तर कोणत्या पायावर आहे हे ओळखण्याचा खेळ खेळता येतो. दारुड्याचे सोंग करणाऱ्याचा तोल सर्वांत पक्का असावा लागतो, हे तिथे स्पष्ट दिसते.

पण मत द्यायचे तर मी १९९४ ला देईन. त्यात वाँगला दम लागतो. शेवटच्या लढतीत केन लो पाय खाली न टेकवता एकाच पायाने लाथांवर लाथा मारत राहतो, आणि वाँगला कळून चुकते की समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे. हे चेहऱ्यावर येणे कुस्तीतला माणूस लगेच ओळखतो. पहिल्यात वाँग हरतो तो शिकलेला नसतो म्हणून. दुसऱ्यात सगळे शिकूनही हरायची वेळ येते.

कोयनाकाठची :

मी कराडची, शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांचा विषय निघाल्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही. वरच्या चर्चेत दारूबद्दल कोणी फारसे बोललेले नाही, आणि दोन चित्रपटांतला सर्वांत मोठा फरक माझ्या मते तिथेच आहे.

१९७८ मध्ये दारू ही जवळजवळ औषधासारखी आहे. गुरू प्यायला की लढतो, प्यायला नाही की हात थरथरतात; हे थरथरणे म्हणजे व्यसन आहे हे दिसते, पण चित्रपट त्यापाशी थांबत नाही. शिष्य पितो, जिंकतो, कथा संपते. किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. १९९४ मध्ये मात्र बापाने दारू आणि लढणे दोन्हींना बंदी घातली आहे, आणि ती का घातली हे बाजारातल्या प्रसंगात कळते. सावत्र आई कौतुकाने बाटल्या फेकून देते, मुलगा एकेक रिचवत गुंडांना लोळवतो, लोक टाळ्या पिटतात, आणि मग बाप येतो तेव्हा त्या झिंगेत मुलाचे हात बापावरही चालतात. हशा थांबतो. त्यानंतर घरातून हाकलला गेलेला वाँग एकटा पीत बसतो आणि शत्रू त्याला उघडा करून भर चौकात टांगतात. दारूने संसाराची धूळधाण झाल्याची नाटके पाहत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सावत्र आईच्या भूमिकेतली अनिता मुई हा या चित्रपटाचा खरा विनोद आहे असे माझे ठाम मत आहे. नवऱ्यासमोर सोज्ज्वळ, पाठीमागे जुगारी. एका वाक्यात रडते आणि पुढच्यात हिशेब करते. पहिल्या चित्रपटात विनोदाचा भार गुरूवर होता, इथे तो तिने उचलला आहे. ती प्रत्यक्षात चॅनपेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि बाप झालेला टी लुंग त्याच्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठा. चाळिशीला टेकलेल्या मुलाला बाप छडी दाखवतो हे एकदा गोड मानून घेतले की पुढे खटकत नाही.

आता खरी अडचण. कारखान्यात वाँग तिथले औद्योगिक मद्य पितो, तोंडातून फेस काढत लढतो आणि जिंकतो. मूळ हाँगकाँग आवृत्तीच्या अगदी शेवटी त्याचे परिणाम दाखवले आहेत: दृष्टी गेलेली, बुद्धी भ्रमिष्ट झालेली. पण दाखवले आहेत ते हसण्यासाठी. २००० मध्ये अमेरिकेत हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो तुकडा काढून टाकण्यात आला. म्हणजे एका आवृत्तीत अपंगत्वाची थट्टा आहे, आणि दुसरीत विष पिऊनही काही होत नाही असा समज मागे राहतो. मोठ्या माणसांशी यावर तासभर बोलता येईल. दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर मला दोन्ही शेवट नकोसे वाटतात, म्हणून माझे मत नाइलाजाने १९७८ ला.

मिरजकर :

नाइलाजाने दिलेले मतही मोजायचे असेल तर माझी हरकत नोंदवून घ्यावी. मुलांना १९७८ मधली बिनकिमतीची दारू दाखवणे बरे आणि १९९४ मधला बापलेकाचा प्रसंग दाखवणे वाईट, हे गणित मला पटलेले नाही. शेवटचा तुकडा ओंगळ आहे हे मात्र मान्य; त्याचे समर्थन मी करणार नाही. बाईंनी म्हटल्याप्रमाणे त्यावर बोलता येईल, आणि बोलण्यासाठीच तर मंडळी जमतात.

विश्रामबागचा वाचक :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या मंडळींना ही चर्चा वाचून दाखवली आणि पुन्हा वाद झाला, पण या वेळी निर्णयासह. रविवारी १९७८ चा दाखवत आहोत. कोयनाकाठच्या ताईंचा मुद्दा निर्णायक ठरला, आणि कृष्णाकाठ यांनी सांगितलेली आठव्या पद्धतीची गंमत मुलांना आपणहून कळते का हे आम्हाला पाहायचे आहे. १९९४ चा त्यानंतरच्या महिन्यात, फक्त मोठ्यांसाठी ठेवला आहे. तालमीतल्या मंडळींना त्या दिवशी मुद्दाम बोलावू.

आता एकच विचारतो. १९९४ ची कोणती आवृत्ती मिळवावी, आणि इंग्रजी संवाद असलेली घेतली तर काही बिघडते का?

मिरजकर :

इंग्रजी आवृत्तीत चॅनने स्वतःचा आवाज स्वतः दिला आहे, त्यामुळे त्याचे बोलणे परके वाटत नाही. मात्र पार्श्वसंगीत बदलले आहे आणि शेवट कापलेला आहे. फक्त मोठ्यांसाठी खेळ असेल तर कँटोनीज संवादांची, इंग्रजी उपशीर्षके असलेली हाँगकाँग आवृत्ती घ्यावी. अनिता मुईचे संवाद तिच्याच भाषेतल्या चढउतारांसह ऐकायला हवेत. आदल्या दिवशी शेवटची दोन मिनिटे लावून पाहावीत: वाँगची दुर्दशा दिसली तर आवृत्ती पूर्ण आहे, लढत संपताच नावे सुरू झाली तर कापलेली आहे. आणि आवाज मोठा ठेवावा. चहागृहात बांबू फाटतो तेव्हाचा आवाज लहान स्पीकरवर अगदीच वाया जातो.